शिकाऊ समुपदेशकाचे पर्यवेक्षण आणि कॅथलिक परंपरेतील एक भेद

मानसिक आघात सोसलेल्या माणसाची कथा ऐकणाऱ्यासही कोरडे राहू देत नाही. अशा कथा सातत्याने ऐकल्याने उपचारकाची जगाविषयीची आणि स्वतःविषयीची धारणाच पालटू लागते, ही गोष्ट मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी १९९० साली मांडली. हे काम कोणत्याही उपचारकाने एकट्याने करू नये, असा आग्रह जुडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात धरला. पुढे २००१ मध्ये हॅरिस आणि फॅलॉट यांनी सुरक्षितता, विश्वासार्हता, निवड, सहकार्य आणि सामर्थ्यवर्धन ही पाच तत्त्वे सांगितली. ही तत्त्वे रुग्णास लागू असतील तर रुग्णाचे ऐकण्यास बसणाऱ्या शिकाऊ समुपदेशकासही ती लागू केली पाहिजेत. आघाताची जाण ठेवणाऱ्या पर्यवेक्षणाचे सार हेच होय.

या विचाराला कॅथलिक परंपरेने काय द्यावे, असा प्रश्न निघाला की बहुधा करुणेचे नाव पुढे येते. हेन्री नौवेन यांच्या १९७२ च्या ग्रंथामुळे रूढ झालेली ‘जखमी उपचारक’ ही प्रतिमा तर हमखास येते. ती प्रतिमा उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु पर्यवेक्षणाच्या खोलीत ती पुरेशी नाही, किंबहुना थोडी धोक्याचीही आहे. आपल्या जखमांचे प्रदर्शन मांडू नये, हे स्वतः नौवेन यांनीच बजावले होते. शिवाय पर्यवेक्षक हा केवळ सहृदय श्रोता नसतो. शिकाऊ उमेदवारास उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण ठरविणाराही तोच असतो. ज्याच्या हाती गुणपत्रिका आहे त्याच्यापुढे जखम उघडी करण्यास सांगणे, ही करुणा नव्हे. आमच्या मते कॅथलिक परंपरेचे खरे देणे करुणेत नसून एका रूक्ष वाटणाऱ्या भेदात आहे. तो भेद म्हणजे अंतःकरणाचे क्षेत्र आणि बाह्य शासनाचे क्षेत्र यांची फारकत.

या भेदाचे कायदेशीर रूप चर्चच्या १९८३ च्या कॅनन लॉ संहितेत स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यास दीक्षा द्यावी की संस्थेतून काढावे, हे ठरविताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही मागू नये, असे कलम २४० सांगते. वरिष्ठांनी आपल्या सदस्यास मन उघडे करण्यास कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये, असे कलम ६३० बजावते. कलम ९८५ अन्वये सेमिनरीच्या प्रमुखाने आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन, त्यांनी आपण होऊन विनंती केल्याखेरीज, ऐकावयाचे नाही. सत्ता आणि जवळीक एका हाती आल्या म्हणजे माणूस कसा कोंडला जातो, याचा दीर्घ अनुभव या कलमांमागे आहे.

याच भेदाची मानसिक बाजू इग्नेशियस लॉयोला यांच्या, १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या, ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या प्रारंभीच्या सूचनांत आढळते. साधना देणाऱ्याने कोणत्याही बाजूस न झुकता तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे, असे पंधरावी सूचना सांगते. सतरावी सूचना तर आमच्या विषयास अगदी लागू पडते: साधकाचे खाजगी विचार व पापे उकरून काढण्याची इच्छा मार्गदर्शकाने धरू नये, मात्र साधकाच्या मनात उठणाऱ्या हालचालींची त्यास प्रामाणिक माहिती असावी.

ही परंपरा आपल्याकडे परकी नाही. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात समुपदेशनाचा अभ्यास केला आणि पुण्यात ‘साधना’ ही संस्था उभारली. ती पुढे लोणावळ्यास गेली. इग्नेशियसची परंपरा, आधुनिक मानसशास्त्र आणि पौर्वात्य ध्यानपद्धती यांचा त्यांनी तेथे मेळ घातला. त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे रोमने जाहीर केले. तो वाद ईश्वरविषयक मतांचा होता. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे: एकाच संघात राहणारे, एकाच वरिष्ठाच्या अधिकाराखालील लोक समुपदेशन शिकावयास बसतात, तेव्हा त्यांनी वर्गात उघड केलेल्या मनाचे रक्षण कोणी करावयाचे?

खेड्यात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. समजा, वेल्ह्याच्या परिसरातील विंझरसारख्या गावी एक शिकाऊ समुपदेशक काम करीत आहे. त्याच डोंगराळ मुलखातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुण्यास पूर आठवतो. धरणापायी गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. समोर बसलेली वृद्धा अशाच विस्थापनाची कथा सांगत आहे, आणि शिकाऊ समुपदेशकाच्या घरीही तीच कथा आहे. पर्यवेक्षकाने येथे काय विचारावे? ‘तुमच्या घरी काय घडले?’ हा प्रश्न त्याच्या अधिकाराबाहेरचा आहे. ‘ऐकताना तुम्ही कोठे थांबलात, कोठे घाई केलीत?’ हा प्रश्न त्याचे कर्तव्य आहे. शिवाय जेथे सारेच एकमेकांस ओळखतात तेथे केवळ नाव गाळल्याने गुप्तता राहत नाही, हेही त्याने जाणले पाहिजे.

तथापि या परंपरेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. आज्ञापालनाचे आणि दुःख मुकाट्याने सोसण्याचे जे गोडवे याच चर्चमध्ये गायिले गेले, त्यांच्या आडोशाने अत्याचार दडपले गेले. अखेर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर तक्रार कळविण्याचे बंधन घालावे लागले. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती दडविता येत नाही. म्हणून पर्यवेक्षणास पापनिवेदनाचे मौन लागू करणे ही गंभीर चूक ठरेल. अंतःकरणाच्या क्षेत्राचे रक्षण शिकाऊ माणसासाठी आहे. संस्थेच्या अब्रूसाठी नव्हे.

तेव्हा कॅथलिक प्रशिक्षणसंस्थांनी प्रथम एवढे करावे: मूल्यमापन करणारा आणि मन सावरण्यास मदत करणारा या दोन व्यक्ती निराळ्या ठेवाव्यात, कोणती गोष्ट गुप्त राहील व कोणती कळवावीच लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगावे. दोघांची सोय नसेल तेथे पर्यवेक्षकाने आपला परीक्षकाचा अधिकार उघड मान्य करून प्रश्न कामापुरतेच ठेवावेत. करुणेची भाषा त्यानंतर बोलावी; मर्यादेवाचून ती शिकणाऱ्यास आश्रय देत नाही.