‘धाडसी’ म्हणून झाल्यावर

स्वारगेटहून भोरकडे येणारी एसटी कात्रजचा बोगदा ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागली, की मी पिशवीतून पुस्तक काढते. मागच्या महिन्यात पिशवीत एका जपानी चित्रकथेचा इंग्रजी खंड होता, भाचीकडून मागून आणलेला. शेजारच्या मावशींना चेलाडीला उतरून वेल्ह्याची गाडी धरायची होती. सरकारनं तालुक्याचं नाव राजगड केलंय, पण एसटीत अजून वेल्हंच चालतं. मावशींनी थोडा वेळ माझी पानं उलटणारी बोटं पाहिली. ‘‘मागनं फुडं वाचताय व्हय?’’ जपानी पुस्तक असंच, उजवीकडून डावीकडे वाचायचं, असं मी सांगितलं. मग त्यांनी चित्रातच डोकं घातलं. रेल्वे फाटकाशी उभ्या दोन शाळकरी मुली. ‘‘मैत्रिणी का?’’ मी म्हटलं, ‘‘हो. पण त्यातली एक दुसरीच्या प्रेमात पडलीय.’’ मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘बरं. मग फुडं काय हुतं?’’

इतका रास्त प्रश्न या विषयावरच्या मराठी परीक्षणांत मला क्वचितच भेटलाय. दोन स्त्रियांच्या प्रेमावर मराठीत काही आलं, की आपण त्याला ‘धाडसी’ म्हणतो. जोडीला ‘संवेदनशील’ आणि ‘संयत’ हे दोन शब्द ठेवतो आणि लेख संपवतो. पुढं काय होतं, कसं होतं, कुणाच्या तोंडून कळतं, हे विचारायचं राहून जातं. जपानी चित्रकथा म्हणजे मंगा. त्यात या विषयाचं एक स्वतंत्र दालन आहे, त्याला ‘युरी’ म्हणतात. गेली काही वर्षं मी ते चिकाटीने वाचते आहे. त्यातलं बरंचसं सुमार असतं, हे आधीच सांगते. पण सुमार काय आणि अस्सल काय हे ठरवता येण्याइतका माल तिथं आहे. आपल्याकडे तेवढा नाही, आणि आपली समीक्षाही म्हणूनच पहिल्या पायरीवर थबकलेली आहे.

युरी म्हणजे लिलीचं फूल. १९७६ साली पुरुषांच्या एका समलैंगिक मासिकाचे संपादक इतो बुंगाकु यांनी वाचक स्त्रियांच्या पत्रांच्या सदराला ‘युरीझोकु’, म्हणजे लिलीचा गोतावळा, असं नाव दिलं. तिथून हा शब्द रूढ झाला. मात्र दालनाचा पाया त्याच्या साठ वर्षं आधीचा. १९१६ पासून योशिया नोबुको ही लेखिका मुलींच्या मासिकात ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे फुलांच्या गोष्टी, लिहू लागली. मुलींच्या शाळा, वसतिगृहं, एकमेकींना लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि लग्न ठरल्यावर होणारी ताटातूट, हा तिचा प्रांत. योशिया स्वतः मोन्मा चियो या सोबतिणीबरोबर पन्नासेक वर्षं राहिली. लग्नाची सोय नव्हती, म्हणून १९५७ मध्ये तिने चियोला कायद्याने दत्तक घेतलं.

१९१६ हे साल मराठी वाचकालाही ओळखीचं आहे. त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात मुली एकत्र राहत, शिकत, एकमेकींची आजारपणं काढत होत्या. त्याच हिंगण्यात शिकलेल्या मालतीबाई बेडेकर पुढे विभावरी शिरूरकर या नावाने लिहू लागल्या. १९३३ सालच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या अविवाहित स्त्रीची घुसमट मांडली आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. म्हणजे वसतिगृह होतं, लिहिणाऱ्या बाया होत्या, मासिकं होती, ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक तर १९०९ पासूनचा. तरीही मुलींच्या आपापसातल्या ओढीची गोष्ट आपल्याकडे प्रवाह म्हणून वाहिली नाही. आपल्याकडचे निःश्वास पुरुषाच्या आणि लग्नाच्या दिशेनेच टाकले गेले.

प्रवाह नसला तरी ठळक टप्पे आहेत. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रा उभी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. त्यात महिलाश्रमातल्या दोघींच्या जवळिकीचा प्रसंग आहे. रवी जाधव यांचा ‘मित्रा’ हा लघुपट २०१५ च्या ‘बायोस्कोप’मधून प्रेक्षकांपर्यंत पोचला. त्याच्या मुळाशीही तेंडुलकरच आहेत. वीणा जामकर त्यात प्रमुख भूमिकेत आहे आणि लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

ही तिन्ही कामं मोलाची आहेत. पण एकापाठोपाठ पाहिली, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘मित्राची गोष्ट’ सांगतो बापू. सुमित्राचं मन आपल्याला कळतं ते तिच्यावर जीव असलेल्या, तिला मदत करू पाहणाऱ्या आणि शेवटी कमी पडणाऱ्या या पुरुषाच्या अपराधी आठवणींतून. ‘मित्रा’तही प्रेमात पडलेला तरुण आपला वाटाड्या असतो. ‘उंबरठा’मध्ये त्या दोघी अधीक्षिका सुलभाच्या नजरेतून दिसतात, आश्रमापुढचा एक अवघड प्रश्न म्हणून. नजर सहानुभूतीची आहे, पण आहे दुसऱ्याची. जिला प्रेम झालं ती स्वतः ‘मी’ म्हणून बोलत नाही. आणि सुमित्राचा शेवट आत्महत्येत होतो. तेंडुलकरांना समाजाची क्रूरता दाखवायची होती, ती त्यांनी दाखवली. त्यांच्याकडे मागणं नाही. मागणं त्यांच्यानंतरच्या चाळीस वर्षांकडे आहे.

युरीचीही सुरुवात मरणानेच झाली होती. या दालनातली पहिली मंगा म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती यामागिशी र्‍योको हिची ‘शिरोइ हेया नो फुतारी’, पांढऱ्या खोलीतल्या दोघी, १९७१ ची. फ्रान्समधलं वसतिगृह, दोन मुली. त्यातली सिमोन मारली जाते आणि मागे राहिलेली रेझिन एकटीच जगायचं ठरवते. हा साचा बराच काळ टिकला. पण पुढच्या चित्रकर्तींनी तो वाचला, त्याला कंटाळल्या आणि त्याच्याशी भांडल्या. साचा मोडायला आधी तो असावा लागतो, आणि डझनभर वेळा वाचलेला असावा लागतो.

मावशींनी पाहिलेलं पान नाकातानी निओ हिच्या ‘यागाते किमी नि नारु’मधलं. ही आठ खंडांची मंगा २०१५ ते २०१९ या काळात एका मासिकात क्रमशः आली, तेही मुख्यतः मुलग्यांसाठीच्या. नायिका यू हिला प्रेमाच्या गोष्टी आणि गाणी आवडतात, शब्द चमकताना दिसतात, पण ते तिच्यापर्यंत पोचत नाहीत. तोउको ही वरच्या वर्गातली मुलगी तिच्या प्रेमात पडते. फाटकाशी दोघी उभ्या, मागून गाडी धडधडत जाते आणि तेवढ्या अवधीत तोउको तिचं चुंबन घेते. यूच्या मनात काहीच उसळत नाही. हे ‘काहीच नाही’ चित्रात कसं दाखवायचं? नाकातानी चौकटी रिकाम्या करते, चेहरा स्थिर ठेवते आणि आवाजाची सगळी जबाबदारी गाडीवर टाकते. प्रेमकथेतला सगळ्यात गाजावाजाचा क्षण नायिकेपुरता मुका करून ठेवण्याचं हे कसब आहे. ते निव्वळ विषयाच्या ‘धाडसा’चा भाग मानलं, तर हातातून निसटतं.

याच मंगात शाळेचं नाटक आहे. ‘मित्राची गोष्ट’मध्येही कॉलेजचं नाटक आहे, सुमित्रा त्यात पुरुष भूमिका करते आणि तिथूनच तिची आणि ती जिच्यावर प्रेम करते त्या नमाची जवळीक वाढते. दोन्हीकडे रंगमंच हा मुखवटा घालून खरं बोलण्याची जागा. फरक पुढे पडतो. तोउकोचं नाटक तिच्या मेलेल्या बहिणीच्या सावलीत अडकलेलं असतं, आणि यू नाटक लिहिणाऱ्या मैत्रिणीला गाठून म्हणते, याचा शेवट बदलू या. शेवट लिहिणारा हात आपल्याच वर्गात आहे, त्याच्याशी बोलता येतं, हे या कथेला ठाऊक आहे. सुमित्राला असा हात मिळत नाही.

अलीकडची युरी शाळेबाहेर पडली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. नागाता काबी हिने २०१६ साली आपलंच एकटेपण, आजारपण आणि आईच्या मिठीची भूक गुलाबी-काळ्या रेषांत काढली. तिच्या त्या आत्मकथेत लाजिरवाणं असं काही झाकलेलं नाही, आणि करुणेची भीकही मागितलेली नाही. युझाकी साकाओमी हिची मंगा आहे रांधायला आवडणारी एक आणि खायला आवडणारी दुसरी, अशा दोन शेजारणींची. नोमोतोला ढीगभर रांधायचं असतं, पण तिचं स्वतःचं खाणं बेताचं. ऑफिसात तिचा डबा पाहून लोक म्हणतात, चांगली बायको होशील. तिला राग येतो. माझा स्वयंपाक माझ्या हौसेचा आहे, कुणा नवऱ्याच्या नावचा नाही! शेजारची कासुगा दणकून खाते. खानावळीत तिला बाई म्हणून भात कमी वाढतात तेव्हा ती शांतपणे पूर्ण भात मागून घेते. तिच्या आईवडिलांच्या घरी ताटातला मोठा वाटा पुरुषांचा असायचा, हे नंतर कळतं. बायांनी मागून, उरलंसुरलं जेवायची रीत ज्यांनी पाहिलीय त्यांना या दोघींमधलं प्रेम समजायला कुठलाही सिद्धांत लागणार नाही. एकीने दुसरीला पोटभर वाढलं, ही इथली प्रेमाची कबुली. नोमोतो पुढे स्वतःसाठी ‘लेस्बियन’ हा शब्दही शोधून वापरते. अनेक युरी कथा या शब्दाला वळसा घालून जातात.

दोषांबद्दलही बोलायला हवं. पुरुष वाचकाच्या डोळ्यांना सुखवण्यासाठी काढलेली पानं या दालनात भरपूर आहेत. ‘सिट्रस’सारख्या खपाऊ मालिकेत सावत्र बहिणींमधली जबरदस्ती प्रणय म्हणून खपवली जाते, ते मला वाचवत नाही. गणवेश, गच्ची, वर्गप्रमुख, चेरीची झाडं यांची ठरावीक भट्टी पन्नास वर्षं पेटती आहे. पण हे म्हणणारी समीक्षाही तिथं वाढली. अमेरिकेतल्या एरिका फ्रीडमन दोन दशकांहून अधिक काळ युरीची परीक्षणं लिहीत आहेत. २०२२ साली त्यांनी या दालनाच्या शंभर वर्षांवर ग्रंथ काढला. चित्राला वेगळे गुण, कथेला वेगळे, पात्रांना वेगळे अशी त्यांची साधी रीत आहे. शाळामास्तरी वाटेल, पण तिचा एक फायदा आहे: विषय आवडला म्हणून चित्राला फुकटचे गुण मिळत नाहीत.

तिथं जमलं ते आपल्याकडे का नाही, याला ‘समाज मागास’ हे उत्तर आळशी आहे. जपानमध्येही देशभरासाठी समलैंगिक विवाहाचा कायदा झालेला नाही. आपल्याकडे १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहांची तोडफोड झाली हे खरं, पण समलैंगिक संबंधांवरच्या २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्ह्याची तलवारही उरली नाही. फरक आहे तो सातत्याच्या जागेचा. तिथं २००५ पासून युरीलाच वाहिलेलं नियतकालिक चालतं. सुमार लिहायला, चुकायला आणि पुढच्या अंकात सुधारायला तिथं जागा असते. आपल्याकडे दहा-वीस वर्षांतून एक कलाकृती येते आणि सगळ्या समुदायाचं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर बसतं. तिला चुकायची मुभा नाही, म्हणून तिच्यावर टीका करायचीही आपल्याला चोरी.

भाषेचं मात्र दारिद्र्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कामाची मुळं पुणे जिल्ह्याच्या या डोंगरी पट्ट्यात आहेत. त्या ओव्यांत भाऊ आहे, आई आहे, विठ्ठल आहे. तशीच शेजी आहे, सई आहे. त्या सखीला ओढूनताणून युरी ठरवणं मला मान्य नाही. तो त्या बायांवर अन्याय होईल. पण बाईने बाईला उद्देशून, पुरुष मध्ये न घेता, मनातलं बोलायची रीत या मातीत किती जुनी आहे, एवढं त्यातून कळतं. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एक ओढते तेव्हा दुसरी सोडते आणि पहाटेच्या अंधारात एकीची ओवी दुसरी उचलते. चित्रकथेची ही तयार चौकट आहे. ती काढणारी मुलगी भोरच्या एखाद्या कॉलेजात आज वहीच्या मागच्या पानावर मोठ्या डोळ्यांचे चेहरे रेखाटत असेल, तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. यंदा सोळा पानं अशा एका चित्रकथेला द्या, पुढच्या वर्षी आणखी सोळा द्या. शेवट गोड हवा, अशी अट घालू नका. फक्त गोष्ट तिच्याच तोंडून येऊ द्या. आणि ती छापून आल्यावर परीक्षण लिहाल, तेव्हा ‘धाडसी’ हा शब्द बाजूला ठेवून कुठली चौकट साधली आणि कुठली फसली, ते आधी सांगा.