गोव्याचा जनमत कौल (१९६७) : दोन प्रचलित अनुमानांची चिकित्सा

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले होते : महाराष्ट्रात विलीन होणे किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. पहिल्याचे चिन्ह फूल, दुसऱ्याचे दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. यानंतर अडीच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकून सत्ता राखली. या दोन निकालांवरून दोन अनुमाने रूढ झाली आहेत. कौल धर्मानुसार पडला, हे पहिले. ज्यांनी जानेवारीत विलीनीकरण नाकारले त्यांनीच मार्चमध्ये विलीनीकरणवादी पक्षास निवडून दिले, हे दुसरे. दोन्ही अनुमानांचा आधार तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या अनुमानाचा मुख्य पुरावा भौगोलिक आहे. ख्रिस्ती वस्ती दाट असलेल्या सासष्टीत दोन पानांना मोठे मताधिक्य मिळाले. हिंदुबहुल पेडण्यात फुलाला. परंतु प्रदेशाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, हे डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, तेथे निरक्षरता कमी आढळे. व्यक्तिशः पाहता मात्र परदेशी जन्मलेल्यांतच निरक्षरता किंचित अधिक होती. हे लोक साक्षरतेत पुढारलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ. सासष्टीतील हिंदू मतदाराने फूल निवडले की पाने, हे सासष्टीच्या एकूण आकड्यावरून सांगता येत नाही.

आकडे अगदीच मुके आहेत असे मात्र नव्हे. एकूण संख्येवरून समूहाच्या वर्तनाची निदान मर्यादा ठरविता येते. डंकन व डेव्हिस यांनी १९५३ मध्ये सुचविलेला मार्ग हाच होय. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाज दोन-पंचमांशाहून कमी होता. मतदानातही प्रमाण साधारण तेच होते असे गृहीत धरावे. वैध मतांपैकी शेकडा सुमारे ५५ मते विलीनीकरणाविरुद्ध गेली. झाडून साऱ्या ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांवर शिक्का मारला असे मानले, तरी शंभरातील किमान १५ मते अन्य समाजांतून यावी लागतात. उरलेल्या साठांत ही पंधरा, म्हणजे चौथा हिस्सा. आणि ही किमान मर्यादा आहे. ख्रिस्ती मतांपैकी जितकी फुलाला गेली असतील, तितका हा हिस्सा वाढतो. तेव्हा ‘धर्मानुसार कौल’ हे वर्णन स्वतःच्या गणितावरही टिकत नाही.

दुसरे अनुमान याहून मोहक आहे, कारण त्यात मतदाराच्या विवेकाची स्तुती आहे. तथापि येथे दोन भिन्न मोजण्यांची गल्लत होते. कौलात सारा गोवा एक मतदारसंघ होता. विधानसभेसाठी गोव्याचे २८ मतदारसंघ होते व प्रत्येक जागी सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होत असे. ज्या पक्षाची मते निम्म्याहून कमी आहेत, तोही विरोधी मते विभागल्यास किंवा काही मतदारसंघांत एकवटल्यास बहुमत मिळवू शकतो. एकाही मतदाराने मत न बदलता दोन्ही निकाल संभवतात. काहींनी जानेवारीत पाने व मार्चमध्ये पक्ष निवडला असेलही. पण केवळ जागांच्या संख्येवरून ते सिद्ध होत नाही.

शिवाय पक्षाला दिलेले मत हे अनेक प्रश्नांचे एकत्रित उत्तर असते. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आलेला हा पक्ष भाटकारांच्या जमिनी कसणाऱ्या बहुजनसमाजाचा आधार झाला होता. १९६४ चा कूळकायदा त्याच राजवटीतला. कुळाचे मत जमिनीसाठी होते की विलीनीकरणासाठी, हे पेटीतील मतपत्रिका सांगत नाही. भाषेच्या बाबतीतही सरळ विभागणी आढळत नाही. विलीनीकरणाविरुद्ध झुंजणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होते आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्यातच प्रसिद्ध होई. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी, हे समीकरण या एका उदाहरणानेच ढासळते.

या चिकित्सेचे महत्त्व केवळ पद्धतिशास्त्रापुरते नाही. एका समाजाच्या माथी पराभवाचे खापर फोडणे आणि दुसऱ्या समाजातील विरोधकांचे अस्तित्वच विसरणे, असे दोन अन्याय पहिल्या अनुमानातून घडतात. राजभाषेच्या वादातही हीच विभागणी पुढे गृहीत धरली गेली. मतदाराने दिलेल्या उत्तरावर त्याच्या जन्माची खूण चिकटविली, की त्याची कारणे विचारण्याची गरज उरत नाही. ती कारणे शोधावयाची तर तालुक्याहून लहान घटकांचे उपलब्ध आकडे, तत्कालीन वृत्तपत्रे आणि प्रत्यक्ष मतदारांच्या मुलाखती यांची सांगड घातली पाहिजे. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. म्हणजे त्या दिवशीचा सर्वांत तरुण मतदारही आज ऐंशीच्या घरात आहे. कागद आणखी काही काळ थांबतील. ही माणसे थांबणार नाहीत.