एमिलीचा नकार

मध्ययुगीन प्रेमकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. किल्ला, त्याच्या पायथ्याशी फुललेली बाग, बागेत राजकन्या, तिच्यासाठी प्राण पणाला लावणारे दोन वीर, आणि अखेरीस विवाहसोहळा. या चित्रात राजकन्येच्या मनात काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती प्रेमकथेची नायिका आहे, म्हणजे तिचे कोणावर तरी प्रेम असणारच, असे आपण धरून चालतो. हे गृहीतच जिथे खोटे ठरते अशा एका कथेविषयी मला येथे लिहायचे आहे.

चौदाव्या शतकातील इंग्रज कवी जेफ्री चॉसर याने १३८७ च्या सुमारास 'कँटरबरी टेल्स' हा कथासंग्रह लिहावयास घेतला. १४०० मध्ये तो वारला तेव्हा ग्रंथ अपुराच होता. लंडनहून कँटरबरीच्या तीर्थक्षेत्री निघालेले यात्रेकरू वाट सरावी म्हणून एकमेकांना गोष्टी सांगतात, अशी त्याची योजना आहे. पहिली गोष्ट सांगतो एक वयस्क, लढाया पाहिलेला सरदार. ही गोष्ट प्राचीन ग्रीसमधील असली तरी तिचा साज सगळा मध्ययुगीन रोमान्सचा आहे.

अथेन्सचा अधिपती थीसियस स्त्रियांच्या राज्यावर स्वारी करतो, तेथील राणी हिप्पोलिटा हिला जिंकून तिच्याशी विवाह करतो आणि तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण एमिली हिलाही अथेन्सला आणतो. पुढे थीब्जच्या लढाईत पॅलमन आणि आर्साइट हे दोन राजकुलातील भाऊ त्याच्या हाती लागतात. तुरुंगाच्या खिडकीतून मे महिन्याच्या एका सकाळी ते खाली बागेत फुले वेचणारी एमिली पाहतात आणि दोघेही तिच्यावर लुब्ध होतात. त्या क्षणापासून जिवाला जीव देणारे भाऊ एकमेकांचे वैरी बनतात. एक सुटतो, दुसरा पळतो, रानात गाठ पडते, घोट्याइतक्या रक्तात उभे राहून ते झुंजतात. थीसियस त्यांना पकडतो आणि निवाडा देतो : प्रत्येकाने शंभर योद्धे घेऊन यावे, सामना व्हावा, जिंकेल त्याला एमिली मिळेल.

यात एमिलीला विचारल्याचा उल्लेख कोठेही नाही. या प्रसंगी थीसियस स्वतःच हसत म्हणतो की, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे तिला त्याची एखाद्या सशाइतकीसुद्धा खबर नाही. वर्षानुवर्षे दोन पुरुष जिच्यासाठी झुरले, भांडले, रक्तबंबाळ झाले, तिला ते कोण हेदेखील ठाऊक नाही! चॉसरने हे कथानक बोकाचिओ या इटालियन कवीच्या 'तेसेइदा' या काव्यावरून घेतले. बोकाचिओची एमिलिया खिडकीतून कोणी पाहते आहे हे ओळखते आणि मनातून सुखावते. चॉसरने हा भाग गाळला. मूळ काव्य जवळजवळ दहा हजार ओळींचे, चॉसरची कथा सव्वादोन हजारांची. एवढी काटछाट करताना पुष्कळ गोष्टी जाणारच. पण नायिकेचा हा छुपा होकार काढून टाकणे म्हणजे नुसता संक्षेप नव्हे. त्यामुळे तिचे अजाणपण पुरे होते, आणि तिच्यावर लादलेल्या निवाड्याचे वजन वाढते.

सामन्याच्या आदल्या दिवशी तिघेही आपापल्या देवतेकडे जातात. पॅलमन व्हीनसला म्हणतो, जय नको, एमिली हवी. आर्साइट मार्सला म्हणतो, जय दे, म्हणजे एमिली आपोआप मिळेल. दोघांच्या मागण्यांत सूक्ष्म फरक आहे आणि पुढील सारे कथानक त्या फरकावर फिरते. आमच्या वेळच्या एम. ए. च्या प्रश्नपत्रिकेत यावर हमखास प्रश्न असे. परंतु या दोघांच्या मध्ये तिसरी प्रार्थना आहे, तिच्याविषयी सहसा प्रश्न नसे.

एमिली डायानाच्या मंदिरात जाते. डायाना ही रानाची, मृगयेची आणि कौमार्याची देवता. विहिरीच्या पाण्याने स्नान करून, ओकच्या पानांचा मुकुट घालून एमिली वेदीवर दोन अग्नी चेतवते आणि आपले मन उघड करते. तिला आजन्म कुमारिका राहायचे आहे. तिला रानात हिंडणे, शिकार करणे आवडते. कोणाची पत्नी व्हायचे नाही, गर्भार राहायचे नाही. त्या दोघांची मने माझ्यापासून वळव आणि त्यांच्यात सलोखा होऊ दे, असे ती मागते. तेही जर विधिलिखितात नसेल, तर निदान ज्याला माझी अधिक ओढ आहे तो मला मिळो.

या प्रार्थनेत लाजणे नाही, नखरा नाही, वैराग्याचा आवही नाही. स्वतःला काय आवडते आणि काय नको हे एका तरुण मुलीने इतक्या साधेपणाने सांगितले आहे की आजही वाचताना आपण थबकतो. गर्भारपणाचा उल्लेखही उगाच आलेला नाही. त्याच मंदिराच्या भिंतीवरील चित्रांत प्रसूतिवेदनांनी किंचाळणारी एक स्त्री आहे, असे कवीने आधीच सांगून ठेवले आहे. पहिले बाळंतपण जिथे अनेकींचे शेवटचे ठरत असे, त्या काळातली ही प्रार्थना आहे. शिवाय एमिली आली ती स्त्रियांच्या राज्यातून. बहिणीचे राज्य जिंकले गेले आणि बहीण जेत्याची राणी झाली, हे तिने पाहिलेले आहे. विवाह हा पराभवाचाच पुढचा भाग असू शकतो, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

उत्तर काय मिळते? एक अग्नी विझतो आणि पुन्हा पेटतो, दुसरा विझतो तो विझतोच. त्याच्या लाकडांच्या टोकांतून रक्तासारखे थेंब ठिबकतात. एमिली भयाने रडू लागते. देवी प्रकट होऊन सांगते, तुला या दोघांपैकी एकाशी लग्न करावेच लागेल, कोणाशी ते मी सांगणार नाही. व्हीनसच्या आणि मार्सच्या भक्तांचे मनोरथ पुरे व्हावेत म्हणून सॅटर्न पुढे युक्ती काढतो. आर्साइट जिंकतो, पण त्याचा घोडा बिथरून तो पडतो आणि मरतो. मरताना एमिलीला पॅलमनच्या हवाली करतो. तिन्ही प्रार्थनांपैकी दोन सफळ झाल्या. तिसरीचे मुख्य मागणे मात्र देवांच्या हिशेबातच धरलेले नाही.

काही वर्षांनी थीसियस दरबार भरवतो. थीब्जशी स्नेहसंबंध जोडायचा आहे. सृष्टीची व्यवस्था, मृत्यूची अटळता आणि आलिया प्रसंगाचे सोने करण्याची आवश्यकता यांवर एक भारदस्त भाषण करून तो एमिलीचा हात मागतो आणि पॅलमनच्या हातात देतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाराव्या शतकापासून पश्चिम युरोपातील चर्चच्या कायद्यात वधूवरांची संमती हाच विवाहाचा प्राण मानला गेला होता. वधू बारा वर्षांची आणि वर चौदा वर्षांचा झाला की आईबापांच्या मर्जीवाचूनही ती दोघे विवाहबद्ध होऊ शकत. म्हणजे चॉसरच्या वाचकांना 'होय' या शब्दाची किंमत माहीत होती. आणि नेमक्या याच ठिकाणी एमिली एक अक्षर बोलत नाही. साऱ्या कथेत तिचे स्वतःचे मनोगत आपण ऐकतो ते फक्त त्या मंदिरात.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. जिंकलेल्या आर्साइटकडे एमिलीने प्रेमळ नजरेने पाहिले, तो गेल्यावर आक्रोश केला, आणि पॅलमनशी तिचा संसार सुखाचा झाला असे कवी स्पष्ट सांगतो. शिवाय ही कथा दैव आणि सुव्यवस्था यांची आहे, त्यात एमिली केवळ एक निमित्त आहे, असेही म्हणता येईल. हे सारे खरे आहे. पण ती केवळ निमित्त असती, तर मुळातील हजारो ओळी कापणाऱ्या कवीने तिची प्रार्थना एवढ्या विस्ताराने का ठेवली असती? सांगणारा सरदार आहे आणि त्याला शेवट गोड हवा आहे. चॉसरने त्याला तो करू दिला, पण रक्ताचे थेंब पुसले नाहीत.

याच ग्रंथात पुढे बाथ गावची बाई बोलू लागते, तेव्हा या मौनाचा जणू जाब विचारला जातो. ही बाई बाराव्या वर्षी प्रथम लग्नाला उभी राहिलेली, एकूण पाच नवरे केलेली. पाचवा नवरा तिला दुष्ट बायकांच्या गोष्टींचे पुस्तक रोज वाचून दाखवी. तिने त्याची पाने फाडली. त्याने असा तडाखा दिला की ती एका कानाने बहिरी झाली. ती सांगते ती गोष्ट आर्थर राजाच्या काळातील आहे, आणि तीत अनिच्छेने बोहल्यावर चढतो तो पुरुष.

एका कुमारिकेवर बलात्कार केल्याबद्दल एका सरदाराला देहान्ताची शिक्षा होते. राणी त्याला एक वर्ष आणि एक दिवसाची मुदत देते : स्त्रियांना सर्वांत अधिक काय हवे असते याचे उत्तर शोधून आण. ते त्याला एक कुरूप म्हातारी देते. नवऱ्यावर आणि प्रियकरावर आपला अधिकार चालावा, हेच स्त्रीला हवे असते. जीव वाचतो, पण मोबदल्यात म्हातारी भर दरबारात लग्न मागते. तो गयावया करतो की माझी सारी मालमत्ता घे, पण देह मोकळा सोड. कोणी ऐकत नाही. सकाळी गुपचूप लग्न लागते आणि दिवसभर तो घुबडासारखा तोंड लपवून बसतो.

गॉवर या समकालीन कवीनेही ही गोष्ट सांगितली आहे. तिथे नायकाच्या हातून लढाईत एक योद्धा मारला गेलेला असतो. चॉसरच्या कथेत त्या जागी बलात्कार आहे, आणि माझ्या मते या एका बदलाने कथेचा अर्थच पालटतो. ज्याने दुसऱ्याच्या देहाची इच्छा विचारली नाही, त्याच्याच देहाचा सौदा भर सभेत होतो. एमिली जिथे उभी होती, तिथे येथे एक पुरुष उभा केला आहे. मात्र त्याला बोलू दिले आहे, रडू दिले आहे. रात्री म्हातारी त्याला कुलीनता, दारिद्र्य आणि वार्धक्य यांविषयी चार शब्द सुनावते आणि विचारते, मी म्हातारी पण एकनिष्ठ हवी, की तरुण पण बेभरवशाची? तो निवड तिच्यावर सोपवतो. ती तरुणही होते आणि एकनिष्ठही राहते. अनिच्छेचे लग्न सुखाचे होते ते या एका प्रश्नोत्तरामुळे. पण ज्या मुलीवर अत्याचार झाला ती पहिल्या काही ओळींनंतर कथेतून नाहीशी होते. तिला काय हवे, हे बाथची बाईसुद्धा विचारायला विसरते.

आपल्याकडील कथा यापुढे ठेवून पाहाव्यात. तेराव्या शतकात नरेंद्राने रचलेले 'रुक्मिणीस्वयंवर', महदंबेचे 'धवळे', पुढे सोळाव्या शतकात एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' या साऱ्यांत भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारणारी मुलगी आहे. चांगले स्थळ मिळावे म्हणून मुलींनी एकनाथांच्या या पोथीचे पारायण करण्याची प्रथाही आहे. रुक्मिणीचा नकार आपल्याला पटतो, कारण त्याच्या पाठीशी श्रीकृष्ण आहे. आमच्या सीमाभागात कन्नड वचनांतून परिचित असलेल्या अक्कमहादेवीने कौशिक राजाला झुगारले, तेही चन्नमल्लिकार्जुन हाच माझा पती असे म्हणून. एका पुरुषाला नाकारायचे तर दुसरा, निदान देवरूपाने, दाखवावा लागतो. एमिलीच्या नकारापाठीमागे कोणीच नाही. तिला फक्त रान हवे आहे. म्हणूनच तो सर्वांत अवघड नकार आहे, आणि म्हणूनच तो कोणी ऐकत नाही.

असा नकार आपल्याकडे ऐकू आला तो काव्यात नव्हे, न्यायालयात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. त्यांनाही दुसरा पुरुष नको होता, शिक्षण हवे होते.

आता कायदा अठरा वर्षांचा आहे. तरी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून दरवर्षी दोनचार दाखल्यांवर सही करताना पालकांच्या तोंडून मी ऐकतो, सर, तिचं ठरतंय. मुलगी शेजारी उभी असते. मी तिला विचारतो तेव्हा उत्तर बहुधा वडीलच देतात. चॉसरच्या काव्याची थोरवी छंदात आहे, विनोदात आहे, हे आम्ही वर्गात शिकलो आणि ते खरेच आहे. मला मात्र ती आता त्या मंदिराच्या प्रसंगात अधिक दिसते. आपल्याच कथेला गैरसोयीचा ठरणारा एक आवाज कवीने ऐकला आणि तो वाचकापर्यंत पोहोचवला. सहाशे वर्षांनी तो आपल्यापर्यंत येतो, तेव्हा त्याचे उत्तर डायानाने दिले तेच द्यायचे की दुसरे, हे वाचकाने ठरवायचे आहे.