कटांची यादी उघडी हवी

कोड लिहून व्हिडिओचे संकलन करून देणाऱ्या ओपन सोर्स साधनांची आज वाण नाही. पण त्यांतल्या बहुतेकांची धाव एकाच ठिकाणी संपते: आत फुटेज टाकायचे, बाहेर तयार एमपीफोर घ्यायची. मधे काय कापले आणि का कापले, हे त्या फाइलवरून कोणालाच कळत नाही. माझ्या मते या साधनांची पारख इथेच करावी. जे साधन आपले कट लिहून ठेवते, ते संकलकाच्या कामाचे. जे नुसता निकाल हातावर ठेवते, ते कितीही वेगवान असले तरी अर्धेच.

लिहून ठेवण्याची रीत काही नवी नाही. सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीने १९७१ साली सीएमएक्स ६०० हे संगणकावर चालणारे संकलन यंत्र आणले. पुढे तिच्याच ३६०० या यंत्राची ईडीएल, म्हणजे कटांची यादी, टीव्हीच्या धंद्यात सर्रास चालू लागली. त्या यादीतली एक ओळ पाहा. कटाचा क्रमांक, रिळाचे नाव, चित्र की आवाज, साधा कट की डिझॉल्व्ह, आणि मग चार टाइमकोड: मूळ रिळात कुठून कुठवर, तयार कार्यक्रमात कुठून कुठवर. एवढेच. कोणीही वाचावी, एक आकडा बदलावा आणि कट पुढे-मागे सरकवावा.

आजची बहुतेक साधने उभी आहेत ती फॅब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेगवर. त्याचे ऋण मोठे आहे, पण ते मुळात रूपांतराचे यंत्र आहे आणि तो स्वभाव संकलन करताना आडवा येतो. लांबलचक मुलाखतीतला तुकडा पुन्हा एन्कोड न करता कापायला गेलात, तर तो तुम्ही सांगितलेल्या फ्रेमवर नीट कापला जाईलच असे नाही. चित्राची सुरुवात की-फ्रेमपासूनच, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासूनच, करता येते. एक्स२६४ या एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर असू शकते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तब्बल १० सेकंद. नेमका कट हवा तर पुन्हा एन्कोड करणे आले. शिवाय चार-पाच फिल्टर एकमेकांना जोडले की ती कमांड लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने उलगडत नाही.

पायथनमधली मूव्हीपाय वाचायला कितीतरी सोपी आहे आणि शिकवायला तर उत्तमच. पण २.० आवृत्तीत तिची रचना इतकी बदलली की जुन्या धड्यांतली इम्पोर्टची पहिलीच ओळ आता चालत नाही. एव्हीसिंथ आणि व्हेपरसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या साधनांचे खरे बळ चित्राच्या साफसफाईत आहे. कथा जुळवायला त्यांच्याकडे कोणी जात नाही.

शांतता शोधून कापणारी साधने सध्या सर्वांत लोकप्रिय आहेत. त्यांत ऑटो-एडिटरचे मला विशेष कौतुक वाटते, आणि ते त्याच्या कापण्याचे नाही. आवाजाच्या पातळीवरून कट ठरवणे अवघड नसते. एफएफएमपेगचा सायलेन्सडिटेक्ट फिल्टरही मुळात उणे ६० डेसिबलखाली २ सेकंद गेले की शांततेची नोंद करतो. पण एखाद्या म्हाताऱ्या नटाला त्याच्या वडिलांबद्दल विचारले आणि तो ४ सेकंद गप्प राहिला, तर ती शांतताच त्याचे उत्तर असते. नियमाला हे कळणार नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही नको. ऑटो-एडिटर तयार व्हिडिओऐवजी प्रीमियर, रिझॉल्व्ह, शॉटकट किंवा केडीएनलाइव्हमध्ये उघडेल अशी टाइमलाइन देऊ शकतो. संकलक ती उघडतो, कटाची कड ओढतो आणि ते ४ सेकंद परत आणतो.

हाच गुण एमएलटी या संकलनाच्या इंजिनात आहे. केडीएनलाइव्ह आणि शॉटकट दोन्ही त्याच्यावर चालतात आणि त्यांचे प्रकल्प एक्सएमएलमध्ये साठवले जातात. स्क्रिप्टने एक्सएमएल लिहावे, माणसाने शॉटकटमध्ये उघडून दुरुस्त करावे, आणि मेल्ट या कमांडने रेंडर करावे, हा रस्ता आजही भरवशाचा आहे. मात्र एकाचा प्रकल्प दुसऱ्यात धड उघडेल याची खात्री नाही.

मराठीत काम करणाऱ्यांचा छळ आणखी वेगळा. एफएफएमपेगचा ड्रॉटेक्स्ट फिल्टर कित्येक वर्षे देवनागरीची जुळणी करतच नव्हता. ‘विठ्ठल’ लिहिले की पहिली वेलांटी व-च्या उजवीकडे जाऊन बसायची, आणि जोडाक्षर फुटून ठ-खाली हलन्ताचा पाय दिसायचा. २०२३च्या ६.१ आवृत्तीपासून अक्षरांची जुळणी करणारे हार्फबझ आल्यावर हे सुधारले. तोवर जाणती मंडळी पाटीसुद्धा सबटायटल म्हणून, सबटायटल छापणाऱ्या लिबासकडून छापून घेत. २०२२ साली खुले झालेले व्हिस्पर मराठी बोलणे उतरवून देते, केडीएनलाइव्हमध्ये ते बसवताही येते, आणि मग मजकुरात वाक्य निवडून तेवढे चित्र टाइमलाइनवर घेता येते. इंग्रजीची सफाई मराठीत नाही, विशेषनामे तर हमखास चुकतात, पण तासाभराच्या बोलण्यातून वाक्य हुडकायला तेवढे पुरते.

या सगळ्यांना जोडू पाहणारा सर्वांत शहाणा प्रयत्न म्हणजे पिक्सारमध्ये जन्मलेले आणि आता अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे असलेले ओपनटाइमलाइनआयओ. ते फुटेजला हात लावत नाही. क्लिप, कट, डिझॉल्व्ह आणि मार्कर यांची जेसनमध्ये यादी ठेवते, म्हणजे ईडीएलचाच वारसा चालवते. कट त्यातून व्यवस्थित जातात. रंगकाम, इफेक्ट आणि पाट्या बहुधा वाटेत गळतात आणि पलीकडे पुन्हा हाताने कराव्या लागतात. त्यातल्या प्रत्येक क्लिपला वाटेल ती माहिती जोडायची सोय आहे. हा कट शांततेवरून झाला, हा दृश्यबदलावरून, इथे यंत्राला खात्री नव्हती, हे सारे तिथे लिहिता येईल, म्हणजे संकलकाला शंकेचे कट आधी तपासता येतील. ती जागा यासाठी वापरणारे साधन मला अजून भेटलेले नाही.