माऊसची परीक्षा आणि देवनागरीचे अक्षर

उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यू.एस.ए.’ या शिक्क्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याचा विनोद जुना आहे. त्यात शिक्का वाचून माल पारखणाऱ्याचीही थट्टा आहे, हे बहुधा विसरले जाते. आज माऊस घेणारा शिक्क्याऐवजी डीपीआयचा आकडा वाचतो. वस्तुतः माऊस एक इंच सरकला असता संगणकाकडे किती मोजण्या जातात, एवढेच तो आकडा सांगतो. पट्टीवरील रेघा दाट केल्याने रेघ ओढणारा हात स्थिर होत नाही. त्याचप्रमाणे सेकंदाला १२५ ऐवजी १००० वेळा माहिती धाडली, तर दोन निवेदनांमधील अंतर ८ मिलिसेकंदांवरून १ वर येते. काम किती अचूक झाले, याचा निवाडा त्यावरून होत नाही.

खरी कसोटी लक्ष्य गाठण्याची. फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखविले की, लक्ष्य गाठण्याचा काळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. कार्ड, इंग्लिश व बर यांनी १९७८ मध्ये हाच नियम पडद्यावरील मजकूर निवडण्यास लावला आणि चार साधनांत माऊस सरस ठरला. प्रयोग मोलाचा खरा. परंतु त्यातील मजकूर इंग्रजी होता. रोमन लिपीत जे डोळ्यांना सुटे दिसते, ते माऊसलाही सुटेच सापडते. देवनागरीत तसे नाही.

अंबरनाथ-बदलापूरकडील एखाद्या डीटीपीच्या दुकानात निमंत्रणपत्रिकेचे मुद्रित तपासले जात आहे, असे समजावे. ‘उपस्थिति’ असे पडले आहे. १९६२ च्या नियमांप्रमाणे ते ‘उपस्थिती’ हवे. नवशिका शेवटच्या वेलांटीवर नेमका बाण नेतो आणि टिचकी मारतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या डावीकडे, पण संगणकात साठते त्याच्या मागून. आणि बहुतेक संपादन-प्रणालींत कर्सर अक्षराच्या पोटात थांबत नाही. तो ‘ति’च्या आधी जाऊन बसतो. बॅकस्पेस दाबताच आधल्या ‘स्थि’ची वेलांटी जाते व ‘उपस्थति’ उरते! हात चुकला नाही, माऊसही चुकला नाही; तरी प्रचलित चाचणी ही चूक त्या दोघांपैकी एकाच्या खाती मांडील.

यावर अक्षरे मोठी करण्याचा उपाय सुचविला जातो. डोळ्यांना त्याने आराम पडेल. मात्र पान सर्वच वाढविले तर अंतर व रुंदी दोन्ही वाढतात आणि सूत्रातील गुणोत्तर जागच्या जागी राहते. बाणाचे गतिवर्धन बंद ठेवून चाचणी घेणे अधिक उपयुक्त, कारण ते चालू असता हाताच्या तेवढ्याच हालचालीने बाण वेगानुसार कमीअधिक सरकतो. त्यानंतर ‘र’सारखी अरुंद आणि ‘क्ष्मी’सारखी रुंद अक्षरे स्वतंत्र लक्ष्ये म्हणून मोजावीत, व वेलांटीवरील टिचक्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.