सुधाकरचा दुसरा प्याला

'एकच प्याला' न वाचलेल्या माणसालाही त्याचा धडा पाठ असतो. पहिला पेला घेऊ नका, घेतलात की संपलात. धडा नावातच आहे, त्यामुळे नाटक उघडायची गरज कुणाला वाटत नाही. मी ते यंदा पहिल्यांदा सलग वाचलं, तेही फोनवर, लोकलमध्ये. माझं म्हणणं असं, की राम गणेश गडकऱ्यांचं नाटक त्यातून आपण काढलेल्या धड्यापेक्षा बरंच शहाणं आहे.

गोष्ट थोडक्यात. सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते. मनाची आग शांत करायला तळीराम त्याला पहिला प्याला देतो. पुढे घर बुडतं, सिंधू दळण दळून दिवस काढते, दारूच्या तारेत सुधाकरच्या हातून पोटचं पोर जातं, सिंधू जाते आणि शेवटी तोही विष घेतो.

या घसरणीत मध्येच एक जागा आहे, ती धड्यात कधी येत नाही. सुधाकर दारू सोडतो. खरंच सोडतो. आणि काम मागायला बाहेर पडतो. ओळखीपाळखीचे लोक त्याला टोमणे मारून वाटेला लावतात. त्यानंतर तो पुन्हा पितो. माझ्या मते नाटकातला खरा प्याला हा आहे. पहिला प्याला तळीरामानं दिला. दुसरा गावानं दिला.

आमच्या कामात सिस्टिम कोसळली की चुकीचं बटण कुणी दाबलं, एवढ्यावर चौकशी थांबवत नाहीत. एका बटणानं सगळं कोसळेल इतकी रचना कच्ची का होती, हे शोधावं लागतं. सुधाकरच्या बाबतीत मात्र शंभर वर्षं आपण बटणापाशीच थांबलोय.

गडकरी थांबले नव्हते. पुराव्यासाठी भगीरथ बघा. तोही पिणारा. पण त्याला रामलाल भेटतो, समाजाच्या कामाची वाट दाखवतो, पुढे शरदचं प्रेम मिळतं. भगीरथ वाचतो. एकाच नाटकात दोन पिणारे: एकाला काम आणि माणूस मिळाला, दुसऱ्याला काम मागताना अपमान. कुणी म्हणेल, भगीरथ तेवढा खोल गेलाच नव्हता. बरोबर आहे, आणि गडकऱ्यांनाही ते कळत होतं. सुधाकर रामलालला व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो: कुठवर सोडता येते पण सोडावीशी वाटत नाही, आणि कुठून पुढे सोडावीशी वाटली तरी सुटत नाही. आज डॉक्टर ज्याला अवलंबित्व म्हणतात, ते हेच. नाटक १९१९ साली बडोद्यात पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. गडकरी त्याच्या महिनाभर आधी वारले होते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना सुरू व्हायला अजून सोळा वर्षं होती.

मात्र नाटकाला जे दिसत नव्हतं, तेही मांडायला हवं. त्यात उपचार नावाची गोष्टच नाही. आहे तो निश्चय, शपथ, उपदेश. रोज भरपूर पिणाऱ्यानं निश्चयाच्या जोरावर एका दिवसात दारू तोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, कधी जीवही जातो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं लागतात. पुढे ओढ कमी करणारी औषधं आहेत, समुपदेशन आहे, गट आहेत.

दुसरी अडचण सिंधूची. ती माहेरची मदत नाकारते, सगळं सोसते, मरताना नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून पोलिसांपुढे खोटं बोलते. नाटक तिच्यापुढे हात जोडतं, प्रेक्षक रडतात. मला तिथे राग आला. तिच्या झाकण्यामुळे सुधाकर वाचत नाही, आणि तिला आधी कुणीतरी वाचवायला हवं होतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मराठीत या त्रुटीचं उत्तर नाटकानं दिलं नाही, पत्रकारितेनं दिलं. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्यात पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. तिथे व्यसनाला आजार मानतात, आणि घरच्यांशीही बोलतात. सिंधूला जे कुणी विचारलं नाही, ते तिथे विचारलं जातं.

तरी दुसरा प्याला देणारे आपण अजून आहोतच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. मिळालेल्याचं काय होतं? माझ्या आधीच्या कंपनीत एक सिनिअर व्यसनमुक्ती केंद्रातून परतला. कुणी वाईट वागलं नाही. फक्त महत्त्वाचं काम त्याच्याकडे येईनासं झालं, आणि टीम पार्टीत मात्र 'अरे, एकच घे, काय होतंय?' असा आग्रह झाला. चार महिन्यांत त्यानं राजीनामा दिला. पुढचं मला माहीत नाही.

म्हणून 'एकच प्याला' जुनं झालं, असं मला वाटत नाही. फक्त ते वाचताना तळीरामावरची नजर जरा हटवावी, आणि सुधाकर कोरडा, ताठ उभा राहून काम मागतो, त्या पानावर थांबावं. तो ज्यांच्या दारात उभा आहे, ते लोक कोण आहेत, ते पाहावं.