मधल्या रेषेचा हट्ट

अभिजात भौतिकीत वस्तूची अवस्था नेहमी निश्चित असते, अनिश्चितता फक्त पुंजयामिकीत, असे वर्गात सर्रास सांगितले जाते. आम्हांला हे विधान घाईचे वाटते.

गुलमंडीच्या चौकात किटलीतून गार ग्लासात चहा ओतला, की त्या क्षणी त्याचे तापमान किती? काचेलगत एक, मध्यभागी दुसरे. संपूर्ण चहाला एकच आकडा लागू पडतो, तो तापमान सगळीकडे सारखे झाल्यावर.

वायूचेही तसेच. १८४५ मध्ये जूलने दाबाखालची हवा तांब्याच्या एका भांड्यातून दुसऱ्या निर्वात भांड्यात सोडली. दोन्ही भांडी एकाच पाण्यात असताना पाण्याच्या तापमानात फरक दिसला नाही. ती वेगवेगळ्या पाण्यात ठेवली, तेव्हा भरलेल्या भांड्याकडचे पाणी गार झाले, रिकाम्याकडचे तापले. म्हणजे मधल्या काळात त्या हवेला एकच तापमान नव्हते, एकच दाबही नव्हता. तरी अशा आकस्मिक प्रसरणासाठी दाब-आकारमान आलेखावर आरंभापासून शेवटापर्यंत अखंड रेषा काढलेली आढळते. ती चूक आहे.

प्रत्येक रेणूला स्थान आणि वेग असतोच ना, असा आक्षेप येईल. न्यूटनच्या चौकटीत तो मान्य. पण ती अवस्था वेगळी. कोट्यवधी रेणूंची ती माहिती आलेखाच्या दोन अक्षांवर मावत नाही. ‘अवस्था’ म्हणताना कोणत्या राशींची, हे आधी सांगायला हवे.

शिक्षकांनी फळ्यावर फक्त दोन टिंबे काढावीत आणि मध्ये रेषा का नाही, हे मुलांना विचारावे.